वर्षात दोनदा गाडी बोलवावी लागते, मग नवी सेप्टिक टाकी बांधावी का?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे समाविष्ट झाली, त्यांपैकी एका गावात आपला छोटा बंगला आहे आणि ड्रेनेजची लाइन आपल्या गल्लीपर्यंत अद्याप आलेली नाही. घरात सहा माणसे आहेत. सेप्टिक टाकी आतून सात फूट लांब, तीन फूट रुंद असून पाण्याची खोली चार फूट आहे आणि तिच्यापुढे शोषखड्डा, म्हणजे टाकीतून निघालेले पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा आहे. आठ-नऊ वर्षे काही तक्रार नव्हती. गेल्या वर्षभरात मात्र मैला उपसणारी गाडी दोनदा बोलवावी लागली, गौरी-गणपतीत पाहुणे असताना तळमजल्याच्या नहाणी ट्रॅपमधून (न्हाणीघराच्या फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडातून) घाण पाणी वर आले, आणि गाडीवाल्याने "टाकी लहान पडते, दुप्पट मोठी बांधा" असा सल्ला दिला. तो मानावा का?

माझ्या मते, इतक्यात नको. आपली टाकी लहान नाही. तिच्यात जाणारे पाणी फार आहे, किंवा तिच्यातून निघालेले पाणी पुढे मुरत नाही, किंवा दोन्ही आहे. मोठी टाकी बांधून यांतले पहिले दुखणे काही काळ झाकले जाईल आणि दुसऱ्याला हातही लागणार नाही.

सेप्टिक टाकी "भरली" असे आपण म्हणतो, त्या शब्दातच अर्धा गोंधळ आहे. टाकी वापरात आल्यावर थोड्याच दिवसांत बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत भरते आणि त्यानंतर ती कायम भरलेलीच असते. जितके पाणी एका टोकाने आत येते तितकेच दुसऱ्या टोकाने बाहेर ढकलले जाते. साठवण करणे हे तिचे कामच नव्हे. पाणी संथ करणे हे तिचे काम आहे. संथ पाण्यात जड भाग तळाशी बसून गाळ होतो, तेल-तूप आणि साबणाचा हलका भाग वर सायीसारखा धरतो, आणि मधल्या थरातले त्यातल्या त्यात निवळ पाणी शोषखड्ड्याकडे जाते. तळाशी हवेविना जगणारे जिवाणू गाळाचे आकारमान हळूहळू कमी करत असतात. याला वेळ लागतो, आणि पाणी साधारण २४ ते ४८ तास टाकीत राहावे असा हिशेब धरूनच टाकी बांधली जाते. तेवढा वेळ मिळाला नाही तर न निवळलेले पाणी पुढे जाते आणि शोषखड्ड्याच्या मातीवर काळा, बुळबुळीत थर धरतो. टाकीतला गाळ गाडीने उपसता येतो. मातीची बुजलेली छिद्रे कोणत्याही गाडीला उपसता येत नाहीत. म्हणून घरातल्या पाण्यावर नजर ठेवायची ती टाकीपेक्षाही शोषखड्ड्यासाठी.

आता आपल्या टाकीचे गणित पाहू. सात गुणिले तीन गुणिले चार म्हणजे ८४ घनफूट, अर्थात सुमारे २,४०० लिटर. त्यातला एक तृतीयांश भाग गाळाने आणि सायीने व्यापलेला धरला तरी पाण्यासाठी १,६०० लिटर जागा उरते. शहरी घरासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाण्याचा हिशेब सर्वसाधारणपणे वापरला जातो, त्याप्रमाणे सहा माणसांचे ८१० लिटर होतात. म्हणजे पाण्याला टाकीत जवळजवळ दोन दिवस मिळतात, आणि ते पुरेसे आहेत. गौरी-गणपतीत दहा पाहुणे आले की हाच आकडा २,१६० लिटरवर जातो, मुक्काम अठरा तासांच्या आत येतो, आणि त्यातही निम्मे पाणी सकाळी सहा ते नऊ या तीन तासांत येत असल्याने टाकीत अक्षरशः लोंढा शिरतो व तळाचा गाळ ढवळून निघतो. सणाच्या दिवशीच पाणी वर का आले, हे यातून कळते. वर्षात दोनदा गाडी का लागली, हे मात्र कळत नाही. रोजचे पाणीच ८१० लिटरच्या बरेच पुढे गेले असावे, असा माझा अंदाज आहे.

तो अंदाज खरा की खोटा हे आपणच मोजून पाहावे. टँकरचे पाणी असेल तर सोपे आहे: १०,००० लिटरचा टँकर सहा माणसांना साधारण बारा दिवस पुरायला हवा. तो सहा दिवसांत संपत असेल, आणि त्यातले काही बागेला किंवा गाडी धुवायला जात नसेल, तर माणशी २७५ लिटरहून जास्त पाणी टाकीत जात आहे आणि घरमालक त्याचे पैसे दोनदा मोजत आहे, एकदा पाणी आणणाऱ्या टँकरला आणि एकदा मैला नेणाऱ्या गाडीला. बोअरचे पाणी असेल तर गच्चीवरच्या टाकीत पट्टी घालून सकाळी पातळी टिपावी, दिवसभरात पंप किती वेळा लावला ते लिहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजावे. आठवडाभर असे केल्यावर कोणत्या दिवशी आकडा उडी मारतो तेही दिसते. बहुतेक घरांत तो रविवार असतो.

त्याच आठवड्यात एक चाचणी रात्री करावी. सगळे झोपायला गेल्यावर गच्चीवरच्या टाकीची पातळी टिपावी आणि पहाटे कोणी नळ सोडण्याआधी पुन्हा पाहावी. पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि माझ्या अनुभवात ती दहापैकी सात-आठ वेळा फ्लशच्या टाकीत सापडते. पुण्याच्या आसपासचे बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. क्षार फ्लशच्या रबरी वॉशरवर आणि बॉल कॉकवर चढतात आणि वॉशर नीट बसेनासा होतो. पाणी भांड्याच्या मागच्या बाजूने इतके बारीक वाहते की डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही. बीट किसून काढलेला रस किंवा खाण्याचा लाल रंग फ्लशच्या टाकीत टाकावा, वीस मिनिटे कोणी फ्लश करू नये, आणि मग भांड्यात पाहावे. पाण्याला लाली आली असेल तर वॉशर गेला आहे. मिनिटाला पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर गळती असली तरी दिवसाचे २८८ लिटर होतात. घरात न दिसणारी आणखी दोन माणसे राहायला आल्यासारखेच आहे ते. शिवाय हे पाणी रात्रीही थांबत नाही, त्यामुळे टाकीला आणि शोषखड्ड्याला एरवी मिळणारी सहा-सात तासांची विश्रांती नाहीशी होते.

हे मी दुसऱ्यांच्या घरांवरून शिकलो असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. पंधरा वर्षांपूर्वी माझ्याच घरी चेंबर (सांडपाण्याच्या पाइपांच्या वाटेवरचे झाकणाचे छोटे हौद) तुंबू लागले तेव्हा मी शोषखड्ड्याला दोष दिला आणि अंगणातली पेरूची दोन झाडे तोडून दुसरा खड्डा खणून घेतला. तो पावसाळ्यात पुन्हा भरला. वरच्या मजल्यावरच्या, क्वचित वापरात असलेल्या पाहुण्यांच्या संडासात फ्लश गळत होता आणि वॉशर बदलल्यावर तक्रार संपली. पेरू पुन्हा लावले, पण त्या चवीचे काही आले नाहीत.

गळती बंद झाल्यावर कपड्यांकडे वळावे. वरून कपडे टाकायच्या ऑटोमॅटिक यंत्राला एका फेरीत १०० ते १५० लिटर पाणी लागते, समोरून दार असलेल्याला साधारण त्याच्या निम्मे. रविवारी सकाळी लागोपाठ चार फेऱ्या काढल्या की दुपारच्या जेवणाआधी टाकीत ५०० लिटर गेलेले असतात, तेही अंघोळींच्या वेळेला. एकूण पाणी तेवढेच ठेवूनही याचा त्रास कमी करता येतो: रोज किंवा दिवसाआड एकच फेरी, आणि तीही दुपारी किंवा रात्री, जेव्हा दुसरे पाणी जात नसते. यंत्राच्या बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी किंवा जुना नायलॉनचा पायमोजा बांधावा. कपड्यांचा, विशेषतः कृत्रिम धाग्यांचा, भुसा टाकीत कुजत नाही आणि तरंगत थेट शोषखड्ड्यापर्यंत जातो.

अंघोळीचे फार सांगण्यासारखे नाही. बादलीची अंघोळ २० लिटरच्या आसपास आटोपते, दहा मिनिटांचा शॉवर ८० ते १०० लिटर घेतो. पुण्यात गच्चीवर सोलर असलेल्या घरांत मात्र गरम पाणी यायची वाट पाहताना नळीतले गार पाणी सोडून देण्याची सवय असते. ते बादलीत धरून फरशी पुसायला किंवा झाडांना वापरावे. पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचेही तसेच. एक लिटर पिण्याचे पाणी देताना ते तीनेक लिटर टाकून देते, आणि ती बारीक नळी बहुधा सिंकमध्ये सोडलेली असते. घरात सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारे यंत्र, बसवला असेल तर तो धुतानाचे मिठाचे पाणीही सेप्टिक टाकीत सोडू नये.

एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगतो, कारण पाणी वाचवण्याच्या उत्साहात लोक उलट चूक करतात. फ्लशच्या टाकीत वीट किंवा पाण्याची बाटली ठेवणे मला पसंत नाही. जुने भांडे दहा लिटरच्या फ्लशसाठी घडवलेले असते. त्याला सहा लिटर दिले तर मैला भांड्यातून जातो पण पाइपात मध्येच थांबतो, विशेषतः टाकी घरापासून लांब असेल आणि पाइपाला उतार कमी असेल तर. मग दोनदा फ्लश करावा लागतो आणि बचत संपते. पाणी कमी करायचेच असेल तर तीन आणि सहा लिटरची दोन बटणे असलेला फ्लश त्याच्या जोडीच्या भांड्यासह बसवावा.

आपल्या बाबतीत सर्वांत मोठा फरक पडेल तो मात्र वेगळ्याच गोष्टीने. पूर्वी मोरीचे पाणी परसातल्या केळीला आणि अळूला जात असे आणि सेप्टिक टाकी आली तेव्हाही तिच्यात फक्त संडासाचे पाणी सोडत. नव्या बंगल्यांत प्लंबर सोयीसाठी सगळे पाइप एकाच चेंबरमध्ये आणून सोडतो, आणि ज्या पाण्याला टाकीची फारशी गरज नाही ते अंघोळीचे व कपड्यांचे पाणीच टाकीतली बहुतेक जागा घेऊन बसते. आपल्या बंगल्यालाही तसेच असेल, कारण नहाणी ट्रॅपमधून घाण पाणी वर आले याचा अर्थ ती लाइन संडासाच्या लाइनला जोडलेली आहे. निदान कपड्यांचे पाणी वेगळे काढावे. यंत्र बहुधा ड्राय बाल्कनीत असते, तिथून बाहेरच्या भिंतीने एक पाइप अंगणात आणणे हे एका दिवसाचे काम आहे. पाइपाच्या तोंडाशी दीड-दोन फूट खोल चर खणून त्यात विटांचे तुकडे आणि जाड वाळू भरावी व कडेने केळी, कर्दळ, अळू लावावेत. पाणी या भरावाच्या आतच राहावे. उघड्यावर साचले तर डास होतील. कच्च्या खायच्या पालेभाज्यांना ते घालू नये, आणि बाळाचे लंगोट धुतलेले पाणी टाकीतच जाऊ द्यावे. हे पाणी रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या कुंपणाकडे सोडू नये, हे सांगायची गरज नसावी, पण तशा भांडणांत मध्यस्थी करायची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे.

स्वयंपाकघराच्या पाण्याचे तसे करता येत नाही, कारण त्यात तेल असते. सिंकखाली किंवा बाहेर पहिल्या चेंबरला ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल-तूप अडवणारी छोटी पेटी, बसवावा आणि तो दर पंधरा दिवसांनी स्वतः साफ करावा. साफ न केलेला ट्रॅप नसल्यासारखाच असतो. कढईतले तळणीचे तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाकले, आणि खरकटे, भाताची शिते व चहाचा चोथा गाळणीत अडवला, तर टाकीवरची साय बरीच कमी जाडीची राहते. दिवाळीच्या फराळानंतर जानेवारीत टाकी तुंबते ती काही योगायोगाने नाही.

आता पावसाळा. आपल्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, पण गणपती भाद्रपदात येतात आणि तोपर्यंत जमीन तीन महिने पाणी पिऊन तट्ट झालेली असते. पुण्याच्या भोवतालची जमीन म्हणजे वर काळी माती किंवा मुरूम आणि खाली काळा पाषाण. काळी माती भिजली की फुगून तिची छिद्रे मिटतात; मुरमात पाणी लवकर मुरते, पण थोड्याच खोलीवर पाषाण लागला की तिथेच अडून पुन्हा वर येते. म्हणून एप्रिलमध्ये दिवसाला हजार लिटर सहज पिणारा शोषखड्डा ऑगस्टमध्ये त्याच्या निम्मेही घेत नाही. याच काळात बाग पाणी घेत नसते, कपडे वाळत नसल्याने एकदम धुतले जातात आणि पाहुणेही येतात. पाण्याची शिस्त वर्षभर पाळणे जमले नाही तरी जून ते सप्टेंबर ती पाळावीच. गणपतीच्या पाच दिवसांत धुण्याचे यंत्र बंद ठेवून चादरी नंतर लाँड्रीत द्याव्यात, आणि न्हाणीघरात बादल्या भरून ठेवाव्यात म्हणजे शॉवर आपोआप कमी वापरला जातो. पाहुण्यांना फ्लशबद्दल काही सांगू नये. ते बरे दिसत नाही आणि त्याची गरजही पडत नाही.

गच्चीचे पावसाचे पाणी कुठे जाते ते मात्र जरूर पाहावे. १०० चौरस मीटर गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५,००० लिटर पाणी खाली येते, म्हणजे आपल्या टाकीच्या दुप्पट. तो पाइप जर ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला असेल, आणि मी तो अनेक नव्या बंगल्यांत तसा जोडलेला पाहिला आहे, तर एका संध्याकाळच्या पावसात टाकीतला बराच गाळ शोषखड्ड्यात जाऊन बसतो. चेंबरची झाकणे अंगणाच्या फरशीपेक्षा दोन-तीन इंच वर असावीत, नाहीतर अंगणाचे पाणीही त्यातून आत शिरते.

हे सगळे करूनही शोषखड्डा आधीच निकामी झालेला असू शकतो. ते ओळखण्याची सोपी संधी पुढच्या वेळी गाडी आली की मिळेल. उपसा सुरू होण्याआधी लांबून टॉर्चने पातळी पाहावी. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी बरोबर टेकलेले असेल आणि तरीही घरातले चेंबर तुंबलेले असेल, तर अडथळा घर आणि टाकी यांच्यामधल्या पाइपात आहे. पातळी त्या पाइपाच्या वर चढलेली असेल तर पुढे पाणी मुरत नाही. उपसा झाल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे. शोषखड्ड्याकडून पाणी उलटे टाकीत वाहत येऊ लागले तर शंका उरत नाही. त्या वेळी नव्या टाकीचे पैसे शोषखड्ड्यासाठी किंवा जागा असल्यास शोषचरांसाठी (पाणी मुरवणाऱ्या लांबट चरांसाठी) वापरावेत. खणण्याआधी त्या जागी एक छोटा खड्डा करून तो रात्रभर पाण्याने भिजवावा आणि दुसऱ्या दिवशी त्यात पाणी घालून ते किती वेळात उतरते ते पाहावे. एक इंच उतरायला तासाहून अधिक लागत असेल तर तिथे खड्डा चालणार नाही, तो कितीही मोठा खणला तरी. विहीर किंवा बोअर आपली असो की शेजाऱ्याची, तिच्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट अंतर ठेवावे.

झाकण उघडताना काडी पेटवू नये, वाकून पाहू नये, आणि कोणत्याही परिस्थितीत कोणालाही आत उतरवू नये. टाकीतले वायू दोन श्वासांत माणसाला बेशुद्ध करतात आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवून टाकी साफ करून घेणे हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे "मी उतरतो, पाचशे जास्त द्या" असे म्हणणाऱ्यालाही सांगावे. भर पावसात टाकी पूर्ण रिकामी करून घेऊ नये. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने रिकाम्या टाकीच्या भिंतींना तडे जातात, आणि प्लास्टिकची टाकी असेल तर ती उचलली जाते.

दुकानात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुड्यांबद्दल आपण विचारलेले नाही, पण कोणीतरी सुचवेलच. सहा माणसांच्या घरातून रोज पुरेसे जिवाणू टाकीत जातात. विकत आणायची आवश्यकता नाही. आहेत ते मारू नयेत म्हणजे झाले. ॲसिड आणि फिनेलच्या बाटल्या ओतणे थांबवून साध्या साबणाने आणि ब्रशने संडास घासावा.

क्रम असा ठेवावा: या आठवड्यात पाणी मोजणे आणि फ्लश तपासणे, महिन्याभरात कपड्यांची लाइन आणि गच्चीचा पाइप वेगळा करणे, आणि मग सहा महिने काहीही न बांधता थांबणे. वर्षाकाठी एकदा लांब काठीच्या टोकाला पांढरे फडके गुंडाळून ती टाकीच्या तळापर्यंत सोडावी आणि हळू बाहेर काढून काळ्या गाळाची उंची मोजावी. आपल्या चार फूट खोलीत ती सोळा इंचांच्या आसपास आली की गाडी बोलवावी. या हिशेबाने दर दोन-तीन वर्षांनी एकदाच गाडी लागली, तर टाकी लहान नव्हती असे समजावे.